बट्टीनंतरची तपासणी

फजिती करून घ्यायला माणसाला सगळं जग मोकळं आहे. फक्त सासरी करून घेऊ नये. त्यातही सासर अजून ठरलेलं नसेल तर मुळीच नाही. मी मात्र तिथेच जाऊन ती करून आलो, आणि तीही ज्या एका कामात मला जरा नाव आहे त्याच कामात. सांगतो. चहा घेत घेत ऐका, मध्ये हसलात तरी चालेल, आता सवय झाली आहे.

मी राहतो जळगावला, पिंप्राळ्यात. धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा. दुकानांचे, दवाखान्यांचे, छोट्या ऑफिसांचे सर्व्हर बसवतो, बिघडले की बघतो. स्वभाव थोडा तरंगणारा. म्हणजे हातात पाना असतो आणि मन कुठेतरी ढगात असतं. आई म्हणते, या पोराला जेवताना दोनदा हाक मारावी लागते, एकदा ताटावर यायला आणि एकदा ताटावरून उठायला.

तर त्या उन्हाळ्यात माझ्या लग्नाचं चाललं होतं. मुलगी भडगावची, योगिता. वडिलांचं ठिबकच्या नळ्यांचं, पंपांचं दुकान. वडिलांना सगळा गाव आबा म्हणतो, म्हणून आम्हीही आबाच म्हणायचो. योगिता दुकानातलं बिलिंग आणि हिशेब बघायची. बघण्याच्या कार्यक्रमात ती एकदाच मान वर करून माझ्याकडे बघून हसली. झालं. तेव्हापासून मी जमिनीवर नव्हतोच.

तिची ना नव्हती. माझी तर नव्हतीच नव्हती. अडलं होतं आबांचं. त्यांचा प्रश्न सरळ होता: पोरगं कॉम्प्युटरचं करतं म्हणजे नेमकं करतं काय? शेतकरी शेत दाखवतो, नोकरदार ऑफिस दाखवतो. मी काय दाखवणार, स्क्रू ड्रायव्हर? "आखाजीच्या आधी सांगतो," एवढंच ते माझ्या मामाला म्हणाले होते. आखाजी म्हणजे आमच्याकडचा मोठा सण. माहेरवाशिणी येतात, झाडांना झोके बांधले जातात. होकार असो की नकार, त्याच्या आत कळवायचा होता.

आणि आखाजी अगदी तोंडावर आलेली असताना आबांचाच फोन.

"पाहुणा, आमनं बठ्ठं बंद पडेल शे. ते तुमचं सर्व्हर का काय ते. येऊन बघता का?"

बठ्ठं म्हणजे सगळं. मामा लगेच म्हणाला, "ही परीक्षा आहे भूषण. दोनच गोष्टी लक्षात ठेव. काम नीट कर, आणि जेवायला वाढलं तर नाही म्हणू नको."

दुसरी गोष्ट मी शंभर टक्के पाळली.

भडगावला पोचलो तेव्हा ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा सावली बघून भुंकत होतं. दुकान पुढे, मागे एक छोटी खोली. त्या खोलीत सर्व्हर. सर्व्हर तापू नये म्हणून आबांनी दुकानातला एकुलता एक कूलर तिथे लावला होता. आता खानदेशात उन्हाळ्यात जिथे कूलर तिथे माणूस. म्हणून आठवड्यापूर्वी आबांची खाटही त्याच खोलीत आली होती. सर्व्हरला गार वारा आणि आबांना दुपारची झोप, एका पाण्यात दोन्ही.

मी विचारलं, "कधीपासून होतंय असं?"

"चार-पाच दिस झाले," आबा म्हणाले. "दुपारले जास, चारले परत येस. आज सकायपासून मात्र येतच नही."

दुपारी जातं, चारला येतं. इथेच कुणी शहाणा असता तर थांबला असता. मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, "ऊन, आबा. उन्हानं होतं असं." आणि गंभीरपणे मान हलवली.

बसलो खाली. सर्व्हरच्या पाठीमागे नेटवर्कची केबल लावायचा जो पोर्ट असतो तो एकच होता, आणि तो आतल्या मोठ्या बोर्डाचाच भाग. वेगळा काढता येत नाही, बदलता येत नाही. केबल लावली की त्याच्या शेजारी छोटा हिरवा दिवा लागतो. तो मेला होता. सर्व्हर बंद करून चालू केला. सेटिंग बघितल्या. नेटवर्कचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. केबलचं दुसरं टोक ज्या डबीत जातं, तिला आम्ही स्विच म्हणतो, तिच्यातलं भोक बदलून बघितलं. दिवा काही लागला नाही.

आता दोनच संशयित उरले. एक केबल, दुसरा पोर्ट. पिशवीत नवीकोरी पिवळी केबल होती. ती लावून बघायची, की झाला निकाल. हात पिशवीकडे गेला आणि नेमकी हाक आली.

"पाहुणा, जेवी घ्या पहिले. मशीन कुठे पळी जात नही."

वरण-बट्टी. ज्यांनी खाल्ली नाही त्यांना सांगून कळणार नाही, आणि ज्यांनी खाल्ली आहे ते आत्ताच जांभई देत असतील. तळलेल्या बट्ट्या कुस्करायच्या, त्यावर गरम वरण, त्यावर तूप, बाजूला घोटलेली वांग्याची भाजी. काकू म्हणजे योगिताची आई, वाढायला उभ्या. मी ताटावर हात आडवा धरला की त्या हाताच्या बाजूनं वाढायच्या. "आखो एक ल्या, जवान माणूस तुम्ही." योगिता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हसू दाबत होती. तिच्यासमोर मी नाही कसं म्हणणार? मामाचं वाक्य कानात होतंच. मी खात राहिलो. शेवटच्या बट्टीच्या वेळी मला माझे गुडघे लांब कुठेतरी असल्यासारखे वाटायला लागले.

"जरा पाठ टेका," आबा म्हणाले. "ऊन उतरू द्या."

टेकली पाठ. कूलरसमोरच्या खाटेवर. पाचच मिनिटं.

मग मी उठलो आणि कामाला लागलो.

ती दुपार मला अजून आठवते. इतकी शांत दुपार मी आयुष्यात पाहिली नाही. कूलरच्या जाळ्यांतून पाणी झिरपत होतं आणि गिरणा नदीच्या पाण्यात पाय सोडून बसल्यासारखं वाटत होतं. अंगाला घाम नाही. मे महिन्यात, भडगावात, घाम नाही. पिशवीतून पिवळी केबल काढली. पाकीट फोडलं, त्याचा आवाजसुद्धा झाला नाही. केबल हातातून आपोआप उलगडत गेली, तिला एक पीळ नव्हता. एक टोक सर्व्हरला लावलं, एक स्विचला. दिवा लागला नाही. मला वाईटही वाटलं नाही. सगळं कसं स्वच्छ कळलं होतं, पोर्ट गेला. वळून बघतो तर दारात योगिता, हातात चहा. पांढरा कप, त्यावर निळी फुलं. मी म्हणालो, "पोर्ट गेला." तिनं हळूच मान हलवली, जसं काही तिला ते ठाऊकच होतं. चहात वेलदोडा होता. कुठूनतरी झोक्यावरच्या पोरींचं आखाजीचं गाणं येत होतं. वाटलं, हा सर्व्हर असाच बंद राहावा आणि ही दुपार संपू नये.

आबांनी हाक मारली तेव्हा मी खाटेवर बसून डोळे चोळत होतो. पण निदान तयार होतं.

"आबा, पोर्ट गेलाय. बोर्डावरचाच आहे, दुरुस्त होत नाही. उन्हानं तापून तापून मेला."

"मंग?"

"वेगळं कार्ड बसवायचं. म्हणजे बघा, डोळा गेला तर गेला, पण शेजारी नवीन डोळा बसवता येतो."

हे वाक्य आबांना फार आवडलं. मलाही आवडलं, खरं सांगायचं तर. त्यांनी तिथल्या तिथे थोरल्या भावाला फोन लावला. थोरले भाऊ म्हणजे नाना, घरातला शेवटचा शब्द त्यांचा. "नाना, पोऱ्याले लय ज्ञान शे. जेवना, जरासा पडना, उठना अन् रोग सांगी दिना. तुम्ही या संध्याकाळी, देखा तरी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भूषणराव, कार्ड कुठे मिळेल?"

ऐकलंत? सकाळी पाहुणा होतो, आता भूषणराव झालो होतो. माझी छाती शर्टाला पुरेना.

कार्ड धुळ्याला मिळणार होतं, माझ्या ओळखीच्या दुकानात. सलीमभाऊ पिकअप घेऊन निघाले, मी शेजारी बसलो. सलीमभाऊ म्हणजे आबांच्या गोदामाचा कारभार बघणारे, वयानं आबांच्याच बरोबरीचे, बोलायला कमी.

गाडी गावाबाहेर पडल्यावर ते म्हणाले, "झोप झायी ना मस्त?"

"छे हो, पाच मिनिटं डोळा लागला. मग कामच करत होतो."

सलीमभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं. पाहुण्याला खोटं पाडायचं नाही, ही त्या माणसाची रीत.

मग मी त्यांना धुळे येईपर्यंत पोर्ट कसा मरतो ते समजावून सांगितलं. उन्हानं सांधे कसे सैल होतात, विजेच्या झटक्यानं काय होतं, आणि अनुभव नसलेला माणूस कसा उगाच केबली बदलत बसतो. हो, हेसुद्धा मी बोललो. सलीमभाऊ "हां, हां" करत होते. बोलून दमलो तसा खिडकीबाहेर बघायला लागलो. दूरवर रस्ता पाण्यासारखा हलत होता, निंबाच्या सावल्या मागे पळत होत्या, आणि मला त्या सगळ्यात एक पांढरा कप दिसत होता, निळ्या फुलांचा. कार्ड घेतलं, परत फिरलो. येतानाही तोच कप.

भडगावला पोचलो तर दिवेलागण झाली होती आणि दुकानात ही गर्दी. नाना आलेले, नानांच्या घरच्या अक्का आलेल्या, शेजारचे खतवाले आलेले. सर्व्हरच्या त्या इवल्याशा खोलीत खाटेवर नाना आणि अक्का बसलेले, बाकी दारात. काकूंनी उदबत्तीसुद्धा लावली होती. योगिता कोपऱ्यात टेबलाशी उभी. जावई काय करतो ते आज सगळ्यांना दिसणार होतं.

मी सर्व्हर उघडला. आतला खेळ समजावून सांगत सांगत कार्ड बसवलं, झाकण लावलं, सॉफ्टवेअर टाकलं. जुन्या पोर्टात करड्या रंगाची जुनी केबल होती. दुपारची पिवळी काढून मीच परत जुनी लावली असेल, असं म्हणालो मनाशी. ती काढली आणि नव्या कार्डाला लावली.

"आता बघा नाना. हिरवा दिवा लागेल."

सगळे वाकले. दिवा लागला नाही.

"वेळ लागतो," मी म्हणालो.

वेळ लागला. दिवा लागला नाही. मी सर्व्हर बंद करून चालू केला. कार्ड काढून पुन्हा बसवलं. घाम आता अगदी खरा होता, कानामागून वाहत होता. खतवाले म्हणाले, "नवा डोळा बी आंधळाच का?" आबा फक्त म्हणाले, "पाहुणा, पाणी पाहिजे का?"

पाहुणा. पुन्हा पाहुणा. आखाजी, झोका, योगिता, सगळं त्या न लागलेल्या दिव्याबरोबर विझताना मला दिसत होतं.

तेवढ्यात कोपऱ्यातून योगिता म्हणाली, "केबल बदलून बघितली का?"

"पहिल्यांदा तेच केलं. दुपारी."

"कोणती लावली?"

"नवी. पिवळी. माझ्या पिशवीतली."

तिनं खाली ठेवलेली पिशवी उचलली, आत हात घातला आणि पाकीट बाहेर काढलं. पिवळी केबल. पाकीट बंद. वरची चिकटपट्टीसुद्धा कारखान्यातून आली तशी.

मला काही समजेना. खरंच समजेना. "असं कसं? मी फोडलं होतं ना. तुम्ही होतात की. तुम्हीच चहा घेऊन आला होतात."

"मी?"

"हो, दारात उभ्या होतात. पांढऱ्या कपात, निळ्या फुलांच्या. वेलदोडा घातलेला चहा. मी म्हणालो पोर्ट गेला, तर तुम्ही मान हलवलीत."

बोलता बोलता माझाच आवाज बारीक होत गेला.

योगिता लाल झाली होती. म्हणाली, "आमच्याकडे तसा कप नाही. आणि मी दुपारभर आईबरोबर भांडी आवरत होते."

सलीमभाऊंना आता गप्प राहवेना. "आबा, मी दोनदा नळ्या घेवाले आलथू. पाहुणा तर घोरी राहिंता."

तर मंडळी, मी ती केबल स्वप्नात बदलली होती. तपासणी स्वप्नातली, निकाल स्वप्नातला, आणि त्या निकालावर मी धुळ्याला जाऊन आलो होतो, भर उन्हात, पूर्ण शुद्धीत.

नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग अगदी मायेनं विचारलं, "आखो काय काय देखं सपनमा?"

त्यावर जो हशा पिकला तो बाहेर रस्त्यावर गेला असेल. अक्का पदरात तोंड लपवून हसत होत्या. काकू हसत होत्या. मी सर्व्हरच्या मागे जागा आहे का बघत होतो.

योगितानं मात्र पाकीट फोडलं. यावेळी चांगला कर्रकन आवाज झाला. माझ्या नव्या कार्डाला तिनं हातही लावला नाही. एक टोक सरळ जुन्या पोर्टात घातलं, दुसरं स्विचमध्ये. हिरवा दिवा लागला. ज्याला मी दुपारी मेलेला ठरवला होता, ज्याच्या मरणाची कारणं मी धुळ्यापर्यंत सांगत गेलो होतो, तो पोर्ट ठणठणीत होता.

"मग जुन्या केबलला झालं काय?" आबा म्हणाले. आवाजात आता जरा जोर आला होता, आणि तो जोर माझ्याकडे वळणार होता हे मला कळत होतं.

सलीमभाऊ वाकले, करडी केबल हातानं चाचपत चाचपत खाटेपर्यंत गेले. "नाना, जरा उठा." नाना-अक्का उठले. खाट सरकवली. केबल खाटेच्या पायाखाली होती, पार चपटी झालेली, आतल्या तारा बाहेर आलेल्या.

"आबा," सलीमभाऊ म्हणाले, "हाई खाट तर तुमनी शे."

दुपारी जातं, चारला येतं. आबा दुपारी आडवे व्हायचे, खाटेच्या पायाखाली केबल दबायची, नेटवर्क जायचं. चारला उठायचे, नेटवर्क यायचं. त्या सकाळी ती आतून तुटली, आणि उरलीसुरली मी बट्ट्यांसकट वर झोपून संपवली होती.

आता सगळे आबांकडे बघत होते. आबा छताकडे बघत होते.

नाना म्हणाले, "एक झोपीसन बिघाडस, दुसरा झोपीसन सुधारस. सोयरीक जमाले आखो काय पाहिजे?" मग माझ्या पाठीवर हात ठेवला. "पोऱ्या स्वप्नात बी कामच करस. अन् सपनमा बी आमनीच पोर देखस. माले पसंत शे."

शेवटचा शब्द नानांचा, हे मी आधी सांगितलंच आहे. आबांनीही मग फार ताणलं नाही. खाटेचा विषय पुन्हा निघू नये, अशी त्यांची इच्छा दिसत होती. निघताना त्यांनी मला गाडीपर्यंत सोडलं आणि म्हणाले, "सावकाश जा, भूषणराव. गाडी चालवताना जागे राहा."

आखाजीच्या आधी होकार आला. त्यानंतर आमच्या पिंप्राळ्याच्या घरात योगिता आली, आणि येताना काय घेऊन आली? पांढऱ्या कपांचा सेट, निळ्या फुलांचा. जळगावातलं दुकान न् दुकान पालथं घालून तिनं शोधला होता. पहिल्या सकाळी तिनं त्यात वेलदोड्याचा चहा आणून दिला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. मी तो कप कितीतरी वेळ हातात धरून बसलो. हे खरंच आहे ना, याची खात्री करत.

पण त्या कपांची किंमत मी रोज मोजतो. घरात मी काहीही केलं म्हणालो, नळ बंद केला, पोराच्या शाळेत फोन केला, की तिचा एकच प्रश्न तयार असतो. परवाच म्हणालो, "गॅसचा नंबर लावला बरं का."

तिनं पोळी लाटता लाटता विचारलं, "जेवणाआधी की जेवणानंतर?"

मला राग आला. चांगलाच आला. म्हटलं, माणसानं एकदा चुकावं आणि जन्मभर ऐकावं का? तिच्या तोंडावर पुरावा मारावा म्हणून मोबाइल काढला.

नव्हता लावला.